ट्रॅपची हद्द

(फोंड्यात आषाढातल्या एका संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो, मी बोलायला उभा राहिल्यापासून दोनदा वीज गेली आणि आली. आषाढात फोंड्याला याचं कोणाला नवल वाटत नाही. माझ्या विषयाची सुरुवात मात्र तिथूनच होते. कचेरीत सर्व्हर असतो, त्याला यूपीएस जोडलेला असतो. वीज गेली, बॅटरी उतरत आली, की यूपीएस सर्व्हरला कळवतो, आता बंद व्हायला घे. मग सर्व्हर चालू असलेल्या प्रोसेसना, म्हणजे चालत्या प्रोग्रामांना, टर्म नावाचा सिग्नल पाठवतो. त्याचा अर्थ, आवरा. थोडा वेळ वाट बघतो, आणि तरीही जे उरतील त्यांना किल पाठवतो. किलपुढे कोणाचं काही चालत नाही. या दोन सिग्नलांच्या मधे जो थोडा वेळ मिळतो, त्यात तुमची स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं लिहून ठेवलेल्या कमांडा, काय करते, हा आजचा विषय.

समोर फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं बसली आहेत. मागच्या रांगेत कचेऱ्यांतले सर्व्हर सांभाळणारी, माझ्या वयाची मंडळी आहेत. दोघांनाही सांगायची गोष्ट एकच आहे आणि ती मी आधीच सांगून टाकतो. ट्रॅप म्हणजे सिग्नल आल्यावर काय करायचं याची आधी केलेली व्यवस्था. तो कोणाचा, हे तो कुठे लिहिला यावरून ठरत नाही. ती ओळ कोणत्या प्रोसेसमध्ये चालली, यावरून ठरतं. ट्रॅप प्रोसेसचा असतो. महिरपी कंस, फंक्शन, वेगळी फाइल या वाचणाऱ्याच्या सोयी. सिग्नलला त्या दिसत नाहीत. ऐकायला हे साधं वाटतं. मला ते पुरतं कळेपर्यंत एका कचेरीचा तीन महिन्यांचा हिशेब गेला होता. ती हकीकत पुढे येईल.

आधी ट्रॅप म्हणजे काय ते पाहू. सकाळी आपल्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, सायकलचा भोंपू वाजवतो. भोंपू ऐकून काय करायचं हे प्रत्येक घरानं आधीच ठरवलेलं असतं. एका घरची आजी फाटकापाशी जाऊन चार उंडे घेते. दुसऱ्या घरी फाटकाला पिशवी अडकवून ठेवलेली असते. तिसऱ्या घरी कोणी कानच देत नाही. सिग्नल म्हणजे हा भोंपू, आणि ट्रॅप म्हणजे घरानं करून ठेवलेली व्यवस्था. ही उपमा एका जागी तुटते, तेही सांगून ठेवतो. घरानं काहीच ठरवलेलं नसलं तर पोदेर आपला पुढे जातो. प्रोसेसनं काहीच ठरवलेलं नसलं तर बहुतेक सिग्नल तिला संपवूनच जातात.

व्यवस्था सांगायची रीत सोपी आहे. ट्रॅप हा शब्द, मग अवतरणचिन्हांत करायचं काम, मग सिग्नलांची नावं. कंट्रोल-सी दाबल्यावर येतो तो इंट, त्याचा क्रमांक २. टर्मिनल बंद झाल्यावर येतो तो हप, क्रमांक १. टर्म १५, किल ९. किल आणि स्टॉप या दोघांना ट्रॅप लावता येत नाही. ते थेट कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हाताळतं. आणि एक्झिट नावाचा एक सिग्नल आहे, जो खरं तर सिग्नलच नाही. शेल, म्हणजे कमांडा वाचून चालवणारा प्रोग्राम, संपताना, जाता जाता, तो चालतो. ही कमांड जुनी आहे. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला, तेव्हापासूनची. जुन्या स्क्रिप्टांत ट्रॅपच्या शेवटी नुसतं शून्य लिहिलेलं दिसतं, तेच आजचं एक्झिट. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः बॅशबद्दल, म्हणजे १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी आणलेल्या शेलबद्दल. इतर शेल वाटेत भेटतील.

आता ती हकीकत. एका छोट्या कचेरीसाठी मी रात्री चालणारी स्क्रिप्ट लिहिली होती. दिवसभराच्या हिशेबाच्या फाइली गोळा करायच्या, तात्पुरत्या फोल्डरात नीट लावायच्या, त्यांचं गाठोडं बांधून दुसऱ्या यंत्रावर पाठवायचं. तात्पुरतं फोल्डर करायला मी एक फंक्शन लिहिलं. त्यात तीन कामं होती. एमकेटेम्प या कमांडनं फोल्डर बनवायचं आणि त्याचं नाव डी या लोकल, म्हणजे त्या फंक्शनापुरत्याच, व्हेरिएबलमध्ये ठेवायचं. ट्रॅप लावायचा, एकेरी अवतरणात, की एक्झिटला डी पुसून टाक. आणि शेवटी फोल्डरचं नाव इको करायचं, म्हणजे छापायचं. मुख्य स्क्रिप्टमध्ये हे फंक्शन डॉलर आणि कंसात घालून बोलावलं, म्हणजे त्यानं इको केलेलं नाव माझ्या व्हेरिएबलमध्ये आलं. सुबक रचना होती. जिथे फोल्डर जन्मतं तिथेच त्याच्या शेवटाची तजवीज. मला तेव्हा ती फार आवडली होती.

कित्येक महिने स्क्रिप्ट चालली. मग एकदा टेम्पमध्ये डोकावलो तर रोजचं एक अशी फोल्डरं पडलेली. एक्झिटचा ट्रॅप असूनही ती पुसली कशी गेली नाहीत? विचार केला आणि कारण सापडलं असं वाटलं. एकेरी अवतरणातलं व्हेरिएबल ट्रॅप लावताना उलगडत नाही, ट्रॅप चालतो तेव्हा उलगडतं. तोवर फंक्शन संपलेलं, लोकल डी गेलेला. म्हणजे पुसण्याची कमांड रिकाम्या नावावर चालते, आणि सक्तीनं पुसायला सांगितलेलं असल्यामुळे तक्रारही करत नाही. निदान बरोबर होतं. उपाय म्हणून मी एकेरी अवतरण काढून दुहेरी केलं, म्हणजे फोल्डरचं नाव ट्रॅप लावतानाच त्यात कोरलं जाईल. एका अक्षराची दुरुस्ती. तपासायची गरज वाटली नाही.

त्या रात्री काय झालं ते सावकाश पाहू, कारण सगळं मर्म इथेच आहे. डॉलर आणि कंस लिहिला की बॅश त्यातलं काम स्वतः करत नाही, एक नवी प्रोसेस काढून तिच्याकडून करून घेतो. तिला सबशेल म्हणतात. माझं फंक्शन त्या सबशेलमध्ये चाललं, म्हणून ट्रॅपही त्या सबशेलचाच झाला. सबशेलनं फोल्डर बनवलं, ट्रॅप लावला, नाव इको केलं. काम झालं, सबशेल संपला. संपताना त्याचा एक्झिट ट्रॅप चालला आणि त्यानं इमानेइतबारे फोल्डर पुसून टाकलं. मुख्य स्क्रिप्टच्या हातात नाव आलं तेव्हा त्या नावाचं फोल्डर जगात नव्हतं. पुढची ओळ होती सीडी, त्या फोल्डरात जा. ती फसली. फसली तर थांब, असं मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. स्क्रिप्ट होती तिथेच, म्हणजे हिशेबाच्या मूळ फोल्डरातच, उभी राहिली आणि पुढचं काम करत गेली. शेवटची ओळ होती, काम झालं, आता इथल्या सगळ्या सीएसव्ही फाइली पुसून टाक.

म्हणजे पहिल्या दिवसापासून माझ्या स्क्रिप्टमध्ये दोन चुका होत्या आणि त्यांनी एकमेकींना झाकून ठेवलं होतं. ट्रॅप चुकीच्या प्रोसेसमध्ये लागत होता, पण चुकीच्या अवतरणामुळे तो काही पुसत नव्हता. मी दुसरी चूक दुरुस्त केली, तशी पहिली मोकळी झाली. आधीच्या महिन्यांची गाठोडी दुसऱ्या यंत्रावर होती. चालू तिमाहीच्या फाइली मात्र रोज नव्यानं त्याच नावाच्या गाठोड्यात बांधल्या जात, आणि त्या रात्रीचं गाठोडं अर्धवट बांधलं जाऊन जुन्यावर बसलं. तीन महिन्यांची बिलं तिथल्या बाईंनी कागदांवरून पुन्हा भरली. मी त्यांच्याशेजारी बसून आकडे वाचून दाखवत होतो. त्या एकदाही रागावल्या नाहीत, आणि त्यामुळेच ते आठ दिवस मी विसरलेलो नाही.

सबशेल कुठे कुठे जन्मतो हे म्हणूनच पाठ असायला हवं. साध्या कंसात लिहिलेल्या कमांडा. डॉलर-कंसातलं काम. पाइपनं जोडलेल्या ओळीतला प्रत्येक तुकडा. पाइपच्या पुढे लिहिलेला व्हाइल-रीडचा फेराही त्यात आला. आणि अँपरसँड (&) लावून मागे सोडलेलं प्रत्येक काम. या सगळ्यांत मुलगा वेगळं बिऱ्हाड करतो तसं होतं. भांडीकुंडी बरोबर येतात: व्हेरिएबलं, फंक्शनं, उघड्या फाइली. पोदेराशी आईवडिलांनी ठरवलेली व्यवस्था मात्र येत नाही. मुख्य शेलनं लावलेले ट्रॅप सबशेलमध्ये पुन्हा मूळपदावर येतात. सबशेलला स्वतःचे ट्रॅप लावता येतात, पण ते त्याच्याबरोबरच संपतात. मुख्य शेलला त्यांची गंधवार्ता नसते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नवी प्रोसेस निघत नाही तिथे ट्रॅप सगळ्या घराला लागू होतो. साध्या पद्धतीनं बोलावलेल्या फंक्शनात तुम्ही इंटचा ट्रॅप लावलात, तर फंक्शन संपल्यावरही तो तसाच राहतो. महिरपी कंस ओलांडताना काही उतरवून ठेवलं जात नाही. सोर्स करून आत आणलेल्या फाइलीचंही तेच. ती दुसऱ्या फाइलीत लिहिलेली असली तरी चालते तुमच्याच प्रोसेसमध्ये, आणि तिनं एक्झिटचा ट्रॅप लावला तर तुमचा आधीचा ट्रॅप गेला. एका सिग्नलला एका वेळी एकच ट्रॅप. दुसरा लावला की पहिला पुसला जातो, आणि शेल त्याबद्दल एक शब्द बोलत नाही.

म्हणून मी गेली काही वर्षं ट्रॅप फक्त मुख्य स्क्रिप्टच्या माथ्यावर लावतो, एकदाच. तो एका साफसफाईच्या फंक्शनाला बोलावतो. काय काय पुसायचं त्याची यादी एका अॅरेमध्ये असते, आणि ज्याला तात्पुरतं काही बनवायचं असेल तो त्या यादीत नाव घालतो. डॉलर-कंसात बसून यादीत नाव घातलं तर तेही सबशेलबरोबर जातं, हे विसरायचं नाही. एमकेटेम्प ही बाहेरची कमांड डॉलर-कंसात खुशाल चालवा. यादीत नाव घालायची ओळ मात्र बाहेर, मुख्य शेलमध्ये.

अवतरणांचा मुद्दा पुरा करतो. ट्रॅपमधलं व्हेरिएबल एकेरी अवतरणात असेल तर ते ट्रॅप चालण्याच्या क्षणी उलगडतं, आणि त्या क्षणी जे फंक्शन चालू असेल त्याच्या नजरेनं उलगडतं. बॅशमध्ये लोकल व्हेरिएबल ते फंक्शन ज्यांना बोलावतं त्यांनाही दिसतं, आणि ट्रॅपही त्यातलाच एक पाहुणा. समजा तुमचा इंटचा ट्रॅप एफ नावाची फाइल पुसतो. इंट आला तेव्हा जे फंक्शन चालू होतं, त्यात लोकल एफ नावाचं भलतंच काही होतं. ट्रॅप ते भलतंच पुसेल. मी एकेरी अवतरणच वापरतो, पण साफसफाईत लागणारी नावं लांबलचक आणि कोणी सहज वापरणार नाही अशी ठेवतो. एक-दोन अक्षरी नावं तिथे नकोतच.

पुढचा भाग वेळेचा आहे. तो मी तुम्हाला करून दाखवतो. वीज राहू दे म्हणजे झालं. पडद्यावर दोन खिडक्या आहेत. डावीकडे एक स्क्रिप्ट चालू करतो. तिनं टर्मला ट्रॅप लावला आहे, निरोप छाप आणि बाहेर पड. त्याखाली एकच ओळ, स्लीप ६००, म्हणजे ६०० सेकंद नुसतं थांब. उजव्या खिडकीतून तिला टर्म पाठवतो. पाहा. काही होत नाही. पुन्हा पाठवतो. तरी शांत. सिग्नल पोचला आहे, बॅशनं त्याची नोंदही घेतली आहे. पण बॅश एखाद्या कमांडची वाट बघत असेल तर ती संपेपर्यंत ट्रॅप चालवत नाही. म्हणजे निरोप दहा मिनिटांनी छापला जाईल. आजीनं भोंपू ऐकला, पण तिच्या हातात आत्ता दुसरं काम आहे.

आता तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवतो आणि या वेळी कंट्रोल-सी दाबतो. ट्रॅपमध्ये इंटचं नावही घातलं आहे. झटक्यात निरोप आला. का? कंट्रोल-सी दाबल्यावर टर्मिनल पुढे चालू असलेल्या अख्ख्या गटाला इंट पाठवतं. बॅशलाही आणि स्लीपलाही. स्लीप त्यानं मेला, बॅशची वाट बघणं संपलं, ट्रॅप चालला. उजव्या खिडकीतून मी पाठवलेला टर्म मात्र एकट्या बॅशला गेला होता. आपण सगळे आपल्या स्क्रिप्टा कंट्रोल-सीनं तपासतो आणि ट्रॅप चालतो म्हणून निर्धास्त होतो. खऱ्या जागी सिग्नल दुसऱ्या वाटेनं येतो. डॉकर प्रोग्रामांना कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवतो. तिथे कंटेनर थांबवला की टर्म फक्त आतल्या पहिल्या प्रोसेसला जातो, आणि १० सेकंदांत ती गेली नाही तर किल येतो. तिथे तुमची बॅश स्क्रिप्ट पहिली प्रोसेस असेल आणि एखाद्या लांब कामाची वाट बघत बसली असेल, तर तुमची साफसफाई कधीच चालणार नाही. लिनक्सवर सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीची रीत वेगळी आहे. तो सहसा त्या सेवेतल्या सगळ्या प्रोसेसना टर्म पाठवतो आणि ९० सेकंद थांबतो. तिथे लांब काम आपसूक मरतं आणि ट्रॅपला वाट मिळते.

उपाय आहे आणि तो देखणा आहे. लांब काम अँपरसँड लावून मागे सोडायचं आणि पुढच्या ओळीत वेट लिहायचं. बॅश वेटवर बसलेला असताना ट्रॅप लावलेला सिग्नल आला, तर वेट तिथल्या तिथे परत येतो आणि ट्रॅप चालतो. मागे सोडलेल्या कामाचा प्रोसेस क्रमांक जपून ठेवायचा आणि ट्रॅपमधून त्यालाही टर्म द्यायचा. नाहीतर आईबाप गेले आणि पोर घरात बसून राहिलं, अशी गत होते.

ट्रॅप चालला म्हणजे स्क्रिप्ट संपली असं नाही, हेही सांगायला हवं. टर्मचा ट्रॅप चालून झाला की शेल जिथे होता तिथून पुढे चालू लागतो. बाहेर पड, असं तुम्हीच सांगायचं. साफसफाई करून झाल्यावर मी तो ट्रॅप काढतो आणि तोच सिग्नल स्वतःला पुन्हा पाठवतो. म्हणजे मला ज्यानं चालवलं, त्याला खरं कारण कळतं. शेल सिग्नलनं झालेला मृत्यू १२८ मध्ये क्रमांक मिळवून सांगतो. इंट असेल तर १३०, टर्म १४३, किल १३७. नोंदवहीत १३७ दिसला की कोणीतरी किल मारला इतकं तुम्हाला न विचारता कळतं. स्वतःला सिग्नल पाठवताना एक खबरदारी घ्या. डॉलर-डॉलर सबशेलमध्येही मुख्य शेलचाच क्रमांक देतो. सबशेलला स्वतःचा क्रमांक हवा असेल तर बॅशपिड हे व्हेरिएबल आहे.

इथे एका विद्यार्थिनीनं हात वर केला. तिचा प्रश्न चांगला होता, तो तिच्याच शब्दांत देतो. "सर, माझ्या लॅपटॉपवर मी फंक्शनात एक्झिटचा ट्रॅप लावून पाहिला. फंक्शन संपताच तो चालला. तुम्ही तर म्हणता ट्रॅप फंक्शनचा नसतो."

तिचा लॅपटॉप अॅपलचा होता, आणि तिथे २०१९ च्या कॅटलिनापासून नव्या खात्याला झेडशेल मिळतो. तिचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. झेडशेलमध्ये फंक्शनात लावलेला एक्झिटचा ट्रॅप त्या फंक्शनाचाच असतो, फंक्शन संपताना चालतो. कॉर्नशेलमध्येही, फंक्शन हा शब्द वापरून व्याख्या केली असेल तर, तसंच. झेडशेलमध्ये लोकल ट्रॅप्स नावाचा पर्यायही आहे. तो चालू केला की फंक्शनात लावलेले बाकीचे ट्रॅपही फंक्शन संपताना आधीच्या स्थितीत परत जातात. त्या शेलांच्या कर्त्यांनी फंक्शनाला कुंपण घातलं, बॅशनं घातलं नाही. माझ्या मनाला झेडशेलची रीत जास्त पटते. पण सर्व्हरवर काय आहे ते बघून लिहावं लागतं. डेबियन आणि उबुंटूवर एसएच म्हणून जो शेल चालतो तो डॅश आहे, आणि त्याची तऱ्हा आणखी निराळी. बॅशला ट्रॅप न लावलेला टर्म किंवा इंट आला तरी तो मरताना एक्झिटचा ट्रॅप चालवतो. डॅश चालवत नाही, सरळ मरतो. पहिल्या ओळीत बॅश लिहायचं की एसएच, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही. डॅशसाठी लिहिताना इंट, टर्म आणि हप यांना नाव घेऊन वेगळा ट्रॅप लावा.

बॅशमध्येही थोडं कुंपण आहे, पण ते उलट बाजूनं. कमांड फसली की चालणारा एरचा ट्रॅप मुख्य स्क्रिप्टमध्ये लावला तरी फंक्शनांच्या आत तो पोचत नाही. सेट आणि मोठा ई लिहिलं तर पोचतो. डीबग आणि रिटर्न या दोघांसाठी मोठा टी. यापेक्षा जास्त त्यात शिरत नाही.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग, बहिरेपणाचा. ट्रॅपच्या अवतरणात काहीच लिहिलं नाही, नुसती रिकामी जोडी ठेवली, तर अर्थ होतो की हा सिग्नल आला तरी दुर्लक्ष करायचं. अवतरणाऐवजी आडवी रेघ लिहिली तर अर्थ होतो, मूळपदावर ये. आणि अवतरणात एकटा विसर्ग, म्हणजे कोलन (:), ही काहीच न करणारी कमांड लिहिली, तर सिग्नल ऐकायचा पण काही करायचं नाही. पहिला आणि तिसरा प्रकार स्क्रिप्टपुरते सारखेच वाटतात. दोन्हींत स्क्रिप्ट मरत नाही. फरक मुलांत, म्हणजे स्क्रिप्टनं चालवलेल्या कमांडांत, दिसतो. मघाशी सांगितलं की व्यवस्था वारशानं जात नाही. बहिरेपण जातं. रिकामं अवतरण लावून तुम्ही जी कमांड चालवाल ती इंटला बहिरीच जन्मते, आणि ती ज्यांना जन्म देईल तीही. नोहप ही कमांड याच गुणावर उभी आहे. हपकडे दुर्लक्ष कर असं ठरवते आणि मग तुमची कमांड चालवते. विसर्ग लिहिला असेल तर मात्र मुलं शाबूत कानांची जन्मतात. कंट्रोल-सीनं ती मरतात आणि स्क्रिप्ट जगते. बहुतेक वेळा आपल्याला हवं असतं ते हेच, आणि लिहिलेलं असतं रिकामं अवतरण.

यातून एक गोष्ट निघते, तिनं मला एकदा दोन दिवस झुंजवलं. शेल जन्मताना एखाद्या सिग्नलला बहिरा असेल, तर त्या स्क्रिप्टमध्ये तुम्ही त्या सिग्नलला कितीही ट्रॅप लावा, ते लागत नाहीत. चूक दाखवली जात नाही. ओळ मुकाट्यानं चालते आणि काही घडत नाही. आणि स्क्रिप्ट जेव्हा अँपरसँड लावून काम मागे सोडते, तेव्हा बॅश त्या कामाला इंट आणि क्विट (क्रमांक ३) या दोघांना बहिरं करूनच सोडतो. म्हणजे एका स्क्रिप्टनं अँपरसँड लावून दुसरी स्क्रिप्ट चालवली, तर त्या दुसरीतला इंटचा ट्रॅप मेलेला असतो. ओळ बरोबर, अवतरण बरोबर, नाव बरोबर, तरीही. मी ती ओळ शंभर वेळा वाचली असेल. दोष त्या फाइलीत नव्हताच, तिला ज्यानं जन्म दिला त्याच्या एका अँपरसँडमध्ये होता. अशा वेळी टर्म वापरा, टर्मला कोणी बहिरं करत नाही.

मागच्या रांगेतून एकांनी विचारलं, "किल आला किंवा बॅटरीच बसली तर काय? कुलपाची फाइल तशीच राहते, दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट म्हणते मी आधीच चालू आहे." हा प्रश्न गोव्यातल्या पावसाळ्याचाच आहे. तिथे कोणताही ट्रॅप कामाचा नाही, कारण चालायला कोणी उरलेलंच नसतं. फाइल आहे की नाही यावर कुलूप ठरवू नका. एफलॉक वापरा. त्यात कुलूप उघड्या फाइलीवर बसतं, आणि ती फाइल उघडी ठेवणाऱ्या प्रोसेस संपल्या की ते कर्नल स्वतः काढतं, मग त्या कशाही संपोत. फाइल तशीच पडून राहिली तरी तिच्यावर कुलूप नसतं. उघड्या फाइली मुलांकडेही जातात, म्हणून मागे सोडलेलं काम त्या कुलपाला धरून बसणार नाही याची काळजी घ्या.

दुसरा प्रश्न, कोणता ट्रॅप लागला आहे हे बघायचं कसं? शेलच्या आतून ट्रॅप आणि पी. पण मला बाहेरून बघणं जास्त भरवशाचं वाटतं, ते दाखवतो आणि थांबतो. लिनक्समध्ये प्रॉक फोल्डरात प्रत्येक प्रोसेसचं तिच्या क्रमांकाचं फोल्डर असतं, आणि त्यात स्टेटस नावाची फाइल. तिच्यात सिगसीजीटी म्हणजे पकडलेले सिग्नल आणि सिगइग्न म्हणजे दुर्लक्षिलेले. प्रत्येकापुढे सोळा अंकांची, षोडशमान पद्धतीतली संख्या. पहिल्या सिग्नलची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८, अशी दुप्पट होत जाते. डावीकडे एक स्क्रिप्ट चालवतो, तिच्यात एकच ओळ, अँपरसँड लावून स्लीप ३००. स्क्रिप्ट संपली. उजवीकडे त्या स्लीपची स्टेटस फाइल उघडतो. सिगइग्नच्या ओळीत पंधरा शून्यं आणि शेवटी ६. इंटचे २ आणि क्विटचे ४. ट्रॅप हा शब्द मी कुठेही लिहिलेला नाही, स्क्रिप्टही आता कुठे नाही. स्लीप आहे, आणि पुढची पाच मिनिटं तो ते ६ बाळगून झोपणार आहे.